आजीचं शून्य रुपयांचं तिकीट आणि तुमच्या मार्गावरची बस: पैसा नेमका येतो कुठून?

एसटीत ही गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे, तरी कंडक्टर मशीनची बटणं दाबतो, टर्रर्र करत कागद बाहेर येतो आणि त्यावर रक्कम असते शून्य. बाजूला बसलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "राहू द्या हो मास्तर, कशाला कागद वाया घालवता?"

तो कागद वाया जात नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत झाली आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. या सवलतीचे पैसे राज्य सरकार एसटी महामंडळाला भरून देतं, आणि किती द्यायचे हे ठरतं निघालेल्या तिकिटांवरून. तिकीट निघालंच नाही, तर सरकारदरबारी आजी त्या गाडीत बसल्याच नाहीत! दिल्लीत २०१९ मध्ये महिलांना बस मोफत झाली, तेव्हाही हातात गुलाबी तिकीट दिलं जायचं, आणि त्या प्रत्येक तिकिटामागे सरकारकडून १० रुपये बससेवेला मिळायचे.

म्हणजे तिकीट हा पैशाचा पुरावा तर आहेच, पण त्याहून जास्त तो डेटा आहे. आपल्या भागातली बस चालू राहणार, वाढणार की एक दिवस गुपचूप बंद होणार, हे बरंचसं या डेटावर ठरतं. ते कसं, आणि आपल्या हातात त्यातलं काय आहे, ते बघूया.

नुसत्या तिकिटावर बस चालत नाही

आधी एक गैरसमज काढून टाकू. "बस तोट्यात आहे" असं वाचलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी पैसे खाल्ले. कारभार ढिसाळ असू शकतो, ते नाकारत नाही. पण कारभार चोख असला तरी शहरातली किंवा ग्रामीण भागातली बस फक्त तिकिटावर सहसा भागत नाही. पहाटेची पहिली फेरी, दुपारची रिकामी फेरी, रात्रीची शेवटची फेरी, या सगळ्या चालवाव्याच लागतात. दिवसभराची खात्री असेल तरच माणूस पास काढतो.

हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा तुमचा मार्ग २० किलोमीटरचा आहे आणि दिवसाला १६ फेऱ्या होतात. म्हणजे ३२० किलोमीटर. डिझेल किंवा चार्जिंग, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, देखभाल धरून किलोमीटरमागे ९० रुपये खर्च धरला, तर दिवसाचा खर्च २८,८०० रुपये. प्रवासी ७००, आणि पास-सवलती धरून सरासरी तिकीट २५ रुपये, म्हणजे उत्पन्न १७,५००. रोजची तूट ११,३०० रुपये. वर्षाला साधारण ४१ लाख.

आता याच बसमध्ये रोज २०० माणसं जास्त बसली तर? गाडी तीच, फेऱ्या त्याच, खर्च तोच. उत्पन्न होतं २२,५०० आणि तूट येते ६,३०० वर. वर्षाला २३ लाख. एका मार्गावर २०० प्रवासी वाढले आणि तूट जवळजवळ निम्म्यावर आली. उलटंही तितकंच खरं आहे, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा उलटंच घडतं.

बसवाल्यांच्या भाषेत या दोन आकड्यांना सीपीके आणि ईपीके म्हणतात: दर किलोमीटरचा खर्च आणि दर किलोमीटरचं उत्पन्न. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मग उरलेले पैसे भरतो कोण?

पुण्याचं उदाहरण घेऊ. पीएमपीएमएल २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा एकत्र करून तयार झाली. तिची तूट दोन्ही महापालिका वाटून घेतात. पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के. अलीकडच्या वर्षांत ही तूट ६०० कोटींच्या वरच राहिली आहे. जून २०२५ मध्ये तिकीट वाढलं. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये झाले, दोन्ही शहरांसाठीचा दिवसाचा पास ४० वरून ७० वर गेला. म्हणजे तुटीतला थोडा भाग प्रवाशाच्या खिशातून आला, बाकीचा महापालिकांच्या तिजोरीतून, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्या सगळ्यांकडून.

खरी गंमत महापालिकेची हद्द संपते तिथे सुरू होते. पीएमपीच्या गाड्या हद्दीबाहेर, पीएमआरडीएच्या भागातही जातात. पण तिथला माणूस ना पुणे महापालिकेचा करदाता, ना पिंपरी-चिंचवडचा. मग त्याच्या मार्गाची तूट कुणी भरायची? पीएमआरडीएने किती वाटा उचलायचा, यावर वर्षानुवर्षं पत्रं आणि बैठका चालू आहेत. २०२१-२२ च्या एसटी संपात पीएमपीने ग्रामीण भागात बरेच मार्ग वाढवले. लोकांना सवय लागली, कॉलेजच्या मुलांनी पास काढले. संप मिटल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्यातले अनेक मार्ग बंद करायचा निर्णय झाला. तिथे आता एसटी आहे आणि तोटा आम्ही का सोसायचा, हा पीएमपीचा मुद्दा. हिशोबाच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येत नाही. पण थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीला हद्दीची रेषा दिसत नाही.

एसटीचं गणित वेगळं. तिची तूट ग्रामपंचायत किंवा नगरपालिका भरत नाही, बोजा राज्यावर येतो. त्यात गंमत म्हणजे एसटीच्या तिकिटावर सरकार १७.५ टक्के प्रवासी कर घेतं आणि पुन्हा सवलतींचे पैसे एसटीला देतं. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्याने द्यायचं.

पण एसटीतच एक चांगला नमुनाही आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस तुम्ही पाहिल्या असतील. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी या गाड्या धावतात, आणि त्यांचा पैसा तिकिटातून नाही, या कार्यक्रमाच्या निधीतून येतो. मुलगी बारावीपर्यंत शिकावी यासाठी सरकार किती द्यायला तयार आहे, हा तिथला प्रश्न. मार्ग नफ्यात आहे का, हे कुणी विचारत नाही.

बाहेर काय करतात? फ्रान्समध्ये ११ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी वेगळा कर घेतात. पॅरिसमध्ये तो १९७१ पासून आहे. युक्तिवाद सोपा: कर्मचारी वेळेवर पोचले तर फायदा कंपनीचा, मग वाटाही कंपनीने द्यावा. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरात २०१६ मध्ये चक्क मतदान झालं आणि रेल्वे-बसच्या जाळ्यासाठी लोकांनी स्वतःवर कर वाढवून घेतला.

"आपल्याकडे असं कुणी ऐकणार नाही" असं वाटतंय? पुणे, मुंबई, ठाणे, नागपूरमध्ये १ एप्रिल २०२२ पासून घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. म्हणजे वाहतुकीसाठी वेगळा स्थानिक कर आपण भरतोच आहोत. त्यात बसचं नाव नाही, एवढंच. मला विचाराल तर हे उलटं आहे. मेट्रो स्टेशनपर्यंत माणूस आणायचं काम बसलाच करायचं असतं.

तुमच्या फोनमधला डेटा इथे कामाला येतो

आता आपल्या विषयाकडे. कंडक्टरच्या मशीनमध्ये प्रत्येक तिकिटासोबत मार्ग, चढण्या-उतरण्याचा टप्पा आणि वेळ नोंदली जाते. यूपीआयने पैसे दिले किंवा अ‍ॅपवर तिकीट काढलं तरी हेच. पुण्यात ऑगस्ट २०२४ मध्ये 'आपली पीएमपीएमएल' अ‍ॅप आलं, त्यात तिकीट, पास आणि गाडी कुठे पोचली तेही दिसतं. गाडी दिसते ती जीपीएसमुळे. गाडीतलं यंत्र थोड्या थोड्या वेळाने आपली जागा सर्व्हरला कळवत राहतं.

यामागे एक साधा पण फार कामाचा फॉरमॅट आहे, जीटीएफएस. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गुगल यांनी मिळून तो तयार केला. आत काय असतं? एका झिप फाइलमध्ये साध्या टेक्स्ट फाइल्स. थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ. बस! नकाशाच्या अ‍ॅपमध्ये "ही बस पकडा, तिथे बदला" असं दिसतं ते यावरून. दिल्लीने २०१८ मध्ये आपला बसडेटा सगळ्यांसाठी खुला केला, त्यामुळे बाहेरच्या डेव्हलपरांनाही तो वापरता येतो. ज्या शहराचा डेटा खुला, तिथे नेमकी कुठे गाडी कमी आहे हे विद्यार्थीसुद्धा लॅपटॉपवर दाखवू शकतो.

पण या डेटात भोकं आहेत, आणि ती आपल्याला महागात पडतात. पासवाला प्रवासी प्रत्येक वेळी स्कॅन झाला नाही, तर तो कुठे चढला-उतरला हे नोंदलं जात नाही. ज्या मार्गावर सगळे विद्यार्थी पासवालेच, तो मार्ग कागदावर रिकामा दिसू शकतो. दुसरं भोक याहून मोठं. फेरी रद्द झाली की थांब्यावर ताटकळलेली चाळीस माणसं कुठेच मोजली जात नाहीत. चार वेळा असं झालं की लोक शेअर रिक्षा धरतात नाहीतर हप्त्यावर बाइक घेतात. मग आकडे बघून साहेब म्हणतात, या मार्गाला प्रतिसाद नाही. प्रतिसाद होता, तो मोजलाच गेला नाही.

मग मागणी करायची कशी?

आपण काय करतो? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवेदनाचा फोटो फिरवतो आणि शंभर अंगठे मिळवतो. त्याने फेरी वाढत नाही.

पहिलं काम म्हणजे तुमच्या मार्गाची तूट कोण भरतं ते शोधणं. पीएमपीचा मार्ग महापालिका हद्दीत असेल तर महापालिका, हद्दीबाहेर असेल तर पीएमआरडीए. एसटी असेल तर आगार व्यवस्थापक आणि त्यांच्यावर विभाग नियंत्रक. चुकीच्या दारात दिलेलं निवेदन फाइलमध्येच झोपतं.

मग माहिती अधिकार. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर. ऑनलाइन पोर्टलवर ते कार्यालय असेल तर तिथून, नाहीतर साध्या कागदावर कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. मार्ग क्रमांक लिहा आणि गेल्या सहा महिन्यांतल्या ठरलेल्या फेऱ्या, रद्द झालेल्या फेऱ्या, सीपीके आणि ईपीके मागा. रद्द फेऱ्यांचा आकडा हातात आला की बोलण्याचा सूरच बदलतो.

जे डेटात नाही ते तुम्ही गोळा करा. एक गुगल फॉर्म पुरे. कुठून कुठे, किती वाजता, आठवड्यातून किती दिवस, आणि सध्या रोज किती खर्च होतो. शेवटचा प्रश्न सोडू नका. शेअर रिक्षाला रोज ६० रुपये देणारी १५० मुलं आहेत, असं लेखी दाखवलं तर ते "आम्हाला बस पाहिजे" पेक्षा कितीतरी जड आहे. नावं-नंबर गरजेपुरतेच घ्या आणि ती शीट ग्रुपवर सगळ्यांना उघडी ठेवू नका. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र आणि सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला तर आगारात त्याला वजन येतं. जवळ एमआयडीसी असेल तर कारखान्यांच्या शिफ्टच्या वेळाही जोडा. एकाच फेरीत कॉलेज आणि शिफ्ट बसली, तर वर पाहिलेले ते जादा २०० प्रवासी तिथेच सापडतात.

वेळेचंही भान ठेवा. कॉलेजसाठी फेरी हवी असेल तर जूनच्या आधी बोला, गाड्यांचं नियोजन एकदा झालं की मधेच बदलणं अवघड. महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि अंदाजपत्रक त्याआधी काही महिने आकार घेत असतं. पुणे महापालिका नागरिकांच्या सूचना साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागवते. त्यात छोटी कामंच बसतात, पण थांब्याला छप्पर आणि दिवा हे छोटंच काम आहे. बसच्या तुटीची रक्कम मात्र मुख्य अंदाजपत्रकात ठरते, त्यासाठी नगरसेवकाला गाठायला मार्च उजाडू देऊ नका.

फेरी मंजूर झाली तर ती बहुधा आधी प्रायोगिक तत्त्वावर, काही आठवड्यांसाठी असेल. त्या आठवड्यांत तिकीट मागून घ्या, पास असेल तर स्कॅन करायला लावा, गाडी आली नाही तर तारीख-वेळेसह तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. आणि निवेदन हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय आगारातून बाहेर पडू नका.