नाणेघाट लेख
नाणेघाट लेख : ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यातील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिले शतक मानतात. मोठा लेख सातवाहन राणी नागनिका हिचा समजला जातो. त्यात अश्वमेधादी यज्ञ आणि दक्षिणेदाखल दिलेल्या गायी, कार्षापणे यांची नोंद असून संख्या अंकांत कोरल्या आहेत. मागील भिंतीवरील राजपुरुषांच्या प्रतिमा नष्ट झाल्या. तथापि सिमुक, सातकर्णी इ. नावांमुळे पुराणांतील वंशावळ ताडून पाहता येते. घाटातील दगडी रांजण जकातीचा होता, असे सांगतात. लेखांत मात्र जकातीचा उल्लेख नाही. या मार्गावरील वर्दळीचा अधिक भरवशाचा पुरावा पाण्याच्या टाक्यावरील छोटा लेख होय. ते टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिले होते.