मंद आचेवरची ‘शिकाऱ्याची कोंबडी’

आज जरा लांबचा पदार्थ सांगतो: चिकन काच्चातोरे. काच्चातोरे म्हणजे इटालियन भाषेत शिकारी. साधारण १८८० ते १९२० या काळात दक्षिण इटलीतल्या गरीब गावांतून लाखो माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली. गावी मटण-कोंबडी सणासुदीलाच दिसायची, तिकडे ती परवडू लागली. मग रविवारी घराघरात मोठं पातेलं चढू लागलं.

एक किलो हाडासकट तुकडे घ्या, तंगडीचे जास्त. छातीचं मांस लवकर कोरडं पडतं. तुकडे पुसून मीठ, मिरपूड लावा. तिकडे ऑलिव्ह तेल वापरतात, आपलं शेंगदाण्याचं चालतं. तेल चांगलं तापलं की थोडेथोडे तुकडे टाका. गर्दी केली तर पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतात. दोन्ही बाजूंनी तांबूस झाले की बाजूला काढा.

त्याच तेलात दोन कांदे, एक ढोबळी मिरची, मिळाली तर अळंबी, आणि पाच-सहा लसूण पाकळ्या परता. मग अर्धा किलो लालबुंद टोमॅटो चिरून घाला. तळाला धरलेलं तांबूस कालथ्याने खरवडून घ्या, सगळी चव त्यातच असते. तिकडे वाईन घालतात. आम्ही अर्धी वाटी पाणी आणि चमचाभर व्हिनेगर घालतो. ओरेगानो नसेल तर पानओव्याची दोन-तीन पानं. वास बराच जवळ जातो.

आता तुकडे परत सोडा, झाकण ठेवा आणि आच अगदी मंद करा. रस्सा नुसता बुडबुडला पाहिजे, खळखळला की मांस आवळतं. मंद आचेवर हाडाजवळचे चिवट धागे हळूहळू विरघळून रस्सा दाट होतो. ब्रॉयलरला पाऊण तास पुरतो. अंडी द्यायची थांबलेली गावरान कोंबडी असेल तर दोन तासही लागतात, पण तिच्या रश्श्याची सर ब्रॉयलरला नाही. घाईत कुकर लावणाऱ्यांना आमचा विरोध नाही, चव मात्र वेगळी येते.

कच्च्या कोंबडीची सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबीर चिरू नका.

तिकडे पातेलं मधोमध ठेवतात, सगळे एकदम बसतात. आपल्याकडे करणारी मागून बसते आणि तिच्या वाट्याला मान आणि रस्सा येतो. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, तुकडे आधीच माणशी मोजायचे. त्यात करणारीही मोजायची.

भाकरीबरोबर छान लागतं. फ्रीज नसेल तर त्याच रात्री संपवा.