पुसता न येणारा डाव

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने बनवलेला 'बाल्डर्स गेट' हा गेम १९९८च्या डिसेंबरात बाजारात आला. पंचवीस वर्षं उलटून गेली, तरी त्याच्या चाहत्यांमध्ये एक पैज अजून टिकून आहे. गेम पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या लढाईपर्यंत खेळायचा, पण मागचा सेव्ह एकदाही उघडायचा नाही. सेव्ह करायला मनाई नाही. कॉम्प्युटर बंद करून जेवायला उठायचं तर सेव्ह लागतोच. मनाई आहे ती हरल्यावर मागे जाण्याला. नायक मेला की डाव संपला, पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून पाहणाऱ्याला हा मर्दुमकीचा प्रकार वाटतो, आणि अशी पैज जिंकणारे आपलं वर्णनही त्याच थाटात करतात. माझं म्हणणं उलटं आहे. रिलोड न करता खेळणारा इतरांपेक्षा जास्त पळतो, जास्त बोलणी करतो, जास्त चाचपडतो. आणि गेम बनवणाऱ्यांनी आत काय काय भरून ठेवलं आहे, ते बहुतेक वेळा त्यालाच दिसतं.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. कँडलकीपच्या ग्रंथालयवजा गढीतून नायक बाहेर पडतो, त्याला वाढवणारा गोरायन पहिल्याच रात्री मारला जातो, आणि जायचं असतं 'फ्रेंडली आर्म' नावाच्या सराईकडे. सराईला तट आहे, आत पहारेकरी फिरताहेत. वाटतं, सुखरूप पोचलो. पायऱ्यांपाशी टार्नेश नावाचा जादूगार गाठतो, दोन शब्द बोलतो आणि मंत्र म्हणायला लागतो. एका मंत्राने त्याच्याभोवती त्याच्याच प्रतिमा उभ्या राहतात आणि आपले वार फुकट जातात. दुसऱ्याने आपली माणसं भेदरून वाट फुटेल तिकडे धावतात. नायक स्वतः जादूगार असेल तर या वेळी त्याच्याकडे जेमतेम चार-सहा हिट पॉइंट असतात, म्हणजे एखाद-दुसऱ्या फटक्याचा कारभार. रिलोडची सवय असलेला खेळाडू इथे मरतो, मागे जातो, तसाच पुन्हा पायऱ्या चढतो आणि चौथ्या-पाचव्या वेळी गेमच्या आतले फासे बरे पडले की पुढे सरकतो. टार्नेशबद्दल तो काही शिकलेला नसतो. फासे बरे पडेपर्यंत थांबलेला असतो, एवढंच. एकच डाव हातात असलेला माणूस मात्र आधी अंगण पाहतो. साथीदारांना एका जागी गोळा न करता पांगवतो, टार्नेशला पहारेकऱ्यांच्या टप्प्यात ओढतो, किंवा सरळ दाराकडे धूम ठोकतो; कारण आत खालिद आणि जहीरा हे दोन कसलेले लढवय्ये त्याचीच वाट पाहत बसलेले असतात. पळण्यात कमीपणा आहे, हा विचारच त्याला परवडत नाही.

का परवडत नाही, याचं उत्तर शाळेतल्या गणितात आहे. एखादी लढाई जिंकण्याची शक्यता ९० टक्के असेल तर आपण तिला सोपी म्हणतो. अशा शंभर लढाया ओळीने जिंकायच्या असतील तर ०.९ला स्वतःनेच शंभरदा गुणायचं, आणि उत्तर येतं साडेसदतीस हजारांत साधारण एक. शक्यता ९९ टक्क्यांवर नेली तरी शंभर लढायांनंतर शंभरातले ३७च नायक जिवंत राहतात. ती ९९.९ टक्के झाली की मात्र नव्वदजण तगतात. ९९ आणि ९९.९ यांतला फरक रिलोड करणाऱ्याला जाणवतच नाही. त्याच्या लेखी दोन्ही लढाया 'जिंकलेल्या'च. पैज लावणाऱ्याचं सगळं कौशल्य त्या शेवटच्या ०.९ टक्क्यात असतं. 'बहुधा जिंकू' अशी लढाई त्याच्या हिशेबात हरलेलीच असते. म्हणून तो जिंकता येण्यासारखी लढाई टाळतो, लढावीच लागली तर आधी तासभर तयारी करतो आणि परतीची वाट मोकळी ठेवतो. हे भित्रेपण असेल, तर विमा कंपन्याही भित्र्याच म्हणायच्या.

या भीतीचा फायदा असा, की पिशवीत धूळ खात पडलेल्या वस्तूंना अचानक अर्थ येतो. नजरेने माणसाचा दगड करणाऱ्या बॅसिलिस्कचं उदाहरण बोलकं आहे. नायकाचा दगड झाला की गेम तिथेच संपतो. रिलोडवाला तलवार घेऊन धावतो, दगड होतो, परत येतो. दुसरा खेळाडू मात्र शोधाशोध करतो, आणि त्याला कळतं की दगड होण्यापासून वाचवणारा मंत्र गेममध्ये अगदी पहिल्या पायरीचा आहे. इतका साधा, की नवशिके त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आणखी गंमत म्हणजे बॅसिलिस्क जिथे असतात त्याच माळावर कोरॅक्स नावाचं एक पिशाच्च भटकत असतं. त्याला वश करून घेतलं तर बॅसिलिस्कच्या नजरेने त्याला काहीही होत नाही, आणि ते एकटं जाऊन निम्मं काम उरकून येतं. गेमच्या लेखकांनी हा उपाय मुद्दाम तिथे ठेवला आहे, पण ज्याला मरणं फुकट आहे तो उपाय कशाला शोधेल? १९८०मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी केलेल्या 'रोग' या गेममध्ये हाच विचार यंत्राच्या पातळीवर होता: सेव्ह उघडला की ती फाइलच पुसली जाई. त्यात सापडणाऱ्या औषधांच्या कुप्यांवर नाव नसतं. मागे जायची सोय असती तर प्रत्येक कुपी पिऊन पाहायची, विष निघालं की मागे यायचं, आणि अनोळखी कुपी या कल्पनेतली सगळी मजा गेली असती.

आता एक भेद करायला हवा, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. 'मागे जाता न येणं' आणि 'मेलो की सगळं संपलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद आपल्याकडच्या मोक्षपटाइतका नीट कुणी मांडलेला नाही. मोक्षपट म्हणजे सापशिडीचं मूळ भारतीय रूप. मराठी परंपरा त्याचं कर्तेपण ज्ञानदेवांकडे देते, पण आज पाहायला मिळणारे पट त्यांच्या काळानंतरचे आहेत. देशात ठिकठिकाणी त्याचे वेगवेगळे प्रकार होते. जैन पटांत बहुधा ८४ घरं, वैष्णव पटांत ७२. घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची आणि वैकुंठासारख्या लोकांची नावं. शिडी पुण्याने चढायची, साप पापाने खाली आणणार. ७२ घरांच्या पटात वैकुंठ शेवटच्या घरात नाही, ६८व्या घरात आहे. तिथे नेमकं न थांबता पुढे गेलात, तर ७२व्या घरी तमोगुणाचा साप टपलेला असतो आणि तो थेट ५१व्या घरी पृथ्वीवर आणून सोडतो. पण सोडतो, बाद करत नाही. साप हा या खेळात मृत्यू नव्हे. तो परिणाम आहे. जे घडलं ते घडलंच, आता ५१पासून चाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडने हा खेळ उचलला, घरांची नावं हळूहळू गळून गेली आणि पोरांचा खेळ उरला. पण साप खाली आणतो, बाद करत नाही, हा नियम तिथेही टिकला.

उलट बाजूचा दाखला महाभारताच्या सभापर्वात आहे. युधिष्ठिर द्यूतात राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी हरतो. पुढे धृतराष्ट्र द्रौपदीला वर देतो, ती पतींना सोडवून घेते आणि म्हातारा राजा राज्यही परत करतो. आजच्या भाषेत, डाव मागच्या सेव्हवर गेला. मग काय झालं? वाटेतूनच पुन्हा बोलावणं आलं, युधिष्ठिर पुन्हा त्याच शकुनीसमोर त्याच पटावर बसला आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास घेऊन उठला. क्षत्रियाला आव्हान नाकारता येत नव्हतं, असं त्याच्या बाजूने सांगतात, आणि ते खरंही आहे. पण पहिल्या डावाची किंमत त्याच्या अंगावर राहिली असती, तर दुसऱ्या डावासाठी लावायला त्याच्याकडे राज्यच नसतं. शहाणपण आलं ते वनात, जिथून मागे जाता येत नव्हतं.

सोलापूरकरांना तर यासाठी महाभारतापर्यंतही जायला नको. सिद्धेश्वर तलावाकाठचा आपला भुईकोट किल्ला सोळाव्या शतकात अहमदनगर आणि विजापूर या दोन दरबारांच्या गळ्यातला काटा होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने विजयनगरची मदत घेऊन तो मिळवला, तो परत घ्यायला विजापूरच्या आदिलशाहीने लढाया करून पाहिल्या, आणि तरी तो हाती आला नाही. आला तो चांदबिबीच्या लग्नात. हुसेन निजामशहाची ही मुलगी अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण म्हणून गेलं. बदल्यात आदिलशहाची बहीण निजामशहाच्या मुलाला दिली गेली, आणि त्या सोयरिकीतून जमलेल्या फळीनेच १५६५च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरला हरवलं. पुढे भातवडीची लढाई जिंकल्यावर निजामशाहीच्या मलिक अंबरने सोलापूर पुन्हा हिसकावलं, १६३६च्या तहात ते विजापूरकडे आलं, आणि १६६८मध्ये मोगलांकडे गेलं. यातल्या कुठल्याही राजाला मागचा दिवस पुन्हा उघडता आला असता, तर त्याने तीच लढाई नव्या व्यूहाने लढली असती. तो येत नव्हता, म्हणून तह झाले, सोयरिकी झाल्या, शत्रूचा शत्रू शोधला गेला. तट पाडण्याखेरीज किल्ला घेण्याचे किती मार्ग असतात, हे हरलेल्यालाच कळतं.

रिलोड न करण्याच्या या पैजेवर आक्षेप आहेत, आणि त्यातला एक फार जबरदस्त आहे. कोरॅक्स कुठे भेटतो, टार्नेश कुठे उभा असतो, हे पैज जिंकणाऱ्याला कसं ठाऊक? आधीच्या खेळांत मरून, रिलोड करूनच ना! म्हणजे हा सगळा संयम उसन्या ज्ञानावर उभा आहे. मला हे बव्हंशी मान्य आहे. ज्याने हा गेम कधीच पाहिलेला नाही, त्याने पहिल्याच खेपेला अशी पैज लावणं हा हट्ट आहे. गेमही तशा अपेक्षेने रचलेला नाही. पण ज्ञान म्हणजे जिंकणं नव्हे. साथीदारांच्या फाशांत दहात एकदा तरी घोटाळा होणारच, मंत्र ऐन वेळी फसणारच, आणि तेव्हा काय करायचं हे आधीच्या शंभर रिलोडनी शिकवलेलं नसतं, कारण त्या शंभर वेळा घोटाळा झाला की डाव पुसला गेला होता. दुसरा आक्षेप वेळेचा. नोकरी, घर, पोरंबाळं सांभाळून महिनाभर रोज तासभर खेळणाऱ्याचा डाव एका वाईट फाशाने बुडाला, तर त्याने काय गमतीखातर पुन्हा कँडलकीपपासून सुरू करायचं? त्याला 'रडीचा डाव खडी' म्हणून चिडवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. खेळताना मध्येच वीज गेली किंवा गेमच अडकला, तर तो पराभव मोजायचं कारणच नाही.

तिसरा आक्षेप कमी बोलला जातो, पण तोच मला जास्त टोचतो: अशी पैज माणसाला कंटाळवाणं खेळायला लावते. प्रत्येक दारापाशी थांबा, प्रत्येक लढाईनंतर झोपा, शत्रूला दाराच्या फटीत अडकवून दुरून बाण मारा. हे होतं, आणि खेळ रटाळ होतो. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने 'बाल्डर्स गेट ३'मध्ये २०२३च्या नोव्हेंबरात आणलेल्या 'ऑनर मोड'ने यावर एक बरा तोडगा काढला. सेव्ह एकच, मोठे शत्रू जादा चाली खेळणारे, म्हणजे ठरावीक युक्त्या पुरत नाहीत. पण एखाद-दुसरा साथीदार मेला तर दोनशे सुवर्णनाणी घेऊन त्याला उठवणारा एक जण छावणीतच बसलेला आहे. सगळी टोळी गारद झाली तरच डाव जातो. तेव्हाही मान गमावून साध्या पद्धतीने पुढे खेळायची मुभा मिळते. पटावरच्या सापाची ही जवळची नातलग म्हणावी.

म्हणून सवय नसलेल्याने पूर्ण पैजेच्या वाटेला जाऊच नये. जुन्या 'बाल्डर्स गेट'मध्ये एकच नियम घालून घ्यावा: नायक मेला तर मागे जायला हरकत नाही, पण साथीदाराचं मरण पुसायचं नाही. घाव फारच मोठा बसून देहाचे तुकडे झाले असतील तर तो गेलाच. नाहीतर त्याचं जमिनीवर सांडलेलं सामान उरलेल्यांनी वाटून उचलायचं, ओझ्याने चाल मंदावली तरी जवळचं देऊळ गाठायचं, आणि पुजाऱ्याला दक्षिणा देऊन त्याला उठवायचं. पैसे पुरले नाहीत, तर उचललेल्या सामानातलं काय विकायचं हे तिथेच ठरवावं लागतं, आणि बहुधा ती त्याचीच तलवार असते.