आपत्कालीन साठ्यातील जंतुनाशके : ताकद, तारीख आणि जागा

पूर, भूकंप किंवा साथ अशा प्रसंगासाठी घरात ब्लीचिंग पावडर, सोडियम हायपोक्लोराइट, फिनाइल, सॅनिटायझर साठवले जाते. साठा किती आहे हे आपण लिटर-किलोत मोजतो. प्रत्यक्षात मोजायला हवी ती त्यातली त्या दिवशी शिल्लक असलेली ताकद. या टिपणात ही ताकद कशाने घटते, घटल्यावर नेमके काय बिघडते आणि साठा कसा ठेवावा, हे पाहू.

१. कोणते द्रव्य कशासाठी?

पिण्याचे पाणी निर्जंतुक करायला घरगुती पातळीवर क्लोरीन देणारी द्रव्ये वापरतात : ब्लीचिंग पावडर, साधे सोडियम हायपोक्लोराइट आणि क्लोरीनच्या गोळ्या. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती वापरतात ती टीसीएल पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडरच. उष्ण हवेत टिकावी म्हणून तिच्यात जास्तीचा चुना असतो. फिनाइल आणि जखमा धुण्याची जंतुनाशके पाण्यात घालून पिता येत नाहीत. सुगंध किंवा डिटर्जंट मिसळलेले ब्लीचही पिण्याच्या पाण्यासाठी चालत नाही. खरेदी करतानाच लेबल वाचावे.

२. अर्धी ताकद म्हणजे अर्धे संरक्षण नव्हे

पाण्यात घातलेले क्लोरीन आधी त्यातील सेंद्रिय पदार्थ, अमोनिया, लोह यांत खर्च होते. या खर्चाला क्लोरीनची मागणी म्हणतात. मागणी भागल्यावर जे मुक्त क्लोरीन उरते, तेच पुढे पाण्याचे रक्षण करते. ३० मिनिटांनंतर लिटरमागे सुमारे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावे, असा सर्वसाधारण दंडक आहे.

सोडवलेले उदाहरण : टाकीत १,००० लिटर पाणी आहे आणि क्लोरीनची मागणी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. ०.५ उरायचे असेल तर मात्रा २ मिलिग्रॅम, म्हणजे टाकीला एकूण २ ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते, म्हणून २ ÷ ०.३३ = सुमारे ६ ग्रॅम पावडर पुरते.

आता हीच पावडर पडून राहून १५ टक्क्यांवर आली आहे असे समजा. सवयीने तेवढीच ६ ग्रॅम घातली, तर क्लोरीन मिळते ६ × ०.१५ = ०.९ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.९ मिलिग्रॅम. मागणी १.५ आहे. सगळे क्लोरीन तिच्यातच संपते आणि मागे उरते शून्य. पावडरची ताकद निम्म्याहून थोडी कमी झाली, पण मुक्त क्लोरीन पूर्ण गेले. डब्यात पावडर दिसते, वासही येतो आणि घरातले लोक निर्धास्तपणे ते पाणी पितात. जुन्या साठ्याचा खरा धोका हा आहे.

याच कारणाने महाराष्ट्रात टीसीएलचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि २० टक्क्यांहून कमी क्लोरीन असलेली पावडर अयोग्य ठरवली जाते. गावात जलसुरक्षक क्लोरोस्कोपने पाण्याची तपासणी करतो : नमुन्यात ऑर्थोटोलिडिन टाकायचे आणि येणारा पिवळा रंग पट्टीशी ताडून पाहायचा. घरातही अशी तपासणी करता येते.

३. ताकद का घटते?

हायपोक्लोराइटचे हळूहळू क्लोरेट आणि क्लोराइड होते. ही दुसऱ्या कोटीची अभिक्रिया आहे, म्हणजे द्रावण दुप्पट तीव्र असेल तर विघटनाचा वेग चौपट होतो. त्यामुळे कारखान्यात वापरतात ते १०-१२ टक्क्यांचे द्रावण घरी आणून ठेवण्यात फायदा नाही. ४-५ टक्क्यांचे जास्त टिकते.

तापमानाचा परिणाम याहून मोठा आहे. दर १० अंश सेल्सिअस वाढीला वेग साधारण साडेतीन पट होतो. २५ अंशांच्या खोलीऐवजी पत्र्याखालच्या ४५ अंशांच्या माळ्यावर बाटली ठेवली, तर वेग ३.५ × ३.५ म्हणजे सुमारे १२ पट. माळ्यावरचा एक महिना हा गार खोलीतल्या एका वर्षाइतका! शिवाय ऊन आणि निकेल, तांबे, कोबाल्ट यांसारख्या धातूंचे अंश विघटन वाढवतात. पावडर हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होते.

४. किती साठवावे?

जबलपूरच्या कांचघर भागातील पाच जणांचे कुटुंब घेऊ. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर धरले तर १५ दिवसांना ३७५ लिटर पाणी लागेल. घरी मागणी मोजता येत नाही, म्हणून मात्रा वाढवून धरतात : ५ टक्के द्रावणाचे लिटरमागे २ थेंब, म्हणजे सुमारे ५ मिलिग्रॅम क्लोरीन. एकूण गरज १,८७५ मिलिग्रॅम. ५ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन असते, म्हणून ३७.५ मिलिलिटर पुरते. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळून, कापडाने गाळावे आणि मात्रा दुप्पट करावी. तरीही ७५ मिलिलिटरच लागते. फरशी-संडासासाठी धरूनही एक लिटर द्रावण भरपूर झाले. कॅन भरून ठेवण्यापेक्षा छोटी ताजी बाटली बरी.

इंधन असेल तेव्हा पाणी उकळणे हा उत्तम पर्याय आहेच. क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवीही उकळल्याने मरतात.

५. कुठे ठेवावे?

जबलपूरचा भूकंप २२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २२ मिनिटांनी झाला. त्याची तीव्रता ५.८ होती. या तारखेतून दोन धडे घेता येतात. पहिला, मे महिन्यात इथे पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणजे साठा सर्वांत वेगाने विटतो त्याच दिवसांत त्याची गरज पडू शकते. दुसरा, हादऱ्याने फळीवरच्या बाटल्या पडतात आणि फुटतात. हायपोक्लोराइट आणि संडास साफ करण्याचे आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाबरोबर क्लोरामाइन तयार होतात. रात्री, बंद खोलीत हे प्राणावर बेतू शकते. म्हणून :

- क्लोरीनची द्रव्ये आणि आम्ल वेगळ्या खोल्यांत, जमिनीलगत, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या तसराळ्यांत ठेवावीत.
- बाटली अपारदर्शक प्लास्टिकची असावी. धातूचा डबा नको.
- ब्लीचिंग पावडर रॉकेल, तेल, पालापाचोळा यांपासून लांब ठेवावी. ती ज्वलनाला मदत करते.
- सॅनिटायझरमधील अल्कोहोल पेट घेते. ते स्वयंपाकघरात ठेवू नये.
- पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कोणतेही जंतुनाशक ओतून ठेवू नये. घरात लहान मुले असतील तर साठ्याला कुलूप हवे.
- बाटलीवर खरेदीची तारीख लिहावी. जुनी बाटली रोजच्या साफसफाईत संपवावी आणि तिच्या जागी नवी ठेवावी. मे आणि जूनच्या आरंभी हा फेर ठरवून करावा.
- दीर्घकाळ ठेवायचेच असेल तर पाकीटबंद क्लोरीन गोळ्या घ्याव्यात. त्या द्रावणापेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

स्वाध्याय

१. २०० लिटरच्या पिंपात लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा हवी आहे. पावडरमध्ये २५ टक्के उपलब्ध क्लोरीन असल्यास किती पावडर लागेल? (उत्तर : १.६ ग्रॅम)

२. कलम २ मधील टाकीत १५ टक्क्यांची पावडर वापरून ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरवायचे असेल तर किती ग्रॅम पावडर घालावी? (उत्तर : सुमारे १३.३ ग्रॅम)

३. आपल्या घरातील जंतुनाशकांची यादी करा. प्रत्येकाची तारीख, जागा आणि शेजारी काय ठेवले आहे ते लिहा. काय हलवावे लागेल ते ठरवा आणि आजच हलवा.