ओल्या घासणीनंतर मोटारीच्या रंगास चकाकी आणण्याची प्रक्रिया : एक विवेचन

प्रस्तावना :
केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात जीप किंवा टेम्पो हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन असते. नव्या रंगावर बसलेली धूळ व सूक्ष्म उंचसखलपणा घालविण्यासाठी कारागीर तो 'वॉटर पेपर'ने घासतात. त्यामुळे पृष्ठभाग सपाट, परंतु निस्तेज होतो. गेलेली चकाकी कशी परत येते व तिचे मोल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चकाकीचे स्वरूप :
चकाकी म्हणजे प्रकाशाचे एकाच दिशेने होणारे परावर्तन होय. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. २००० क्रमांकाच्या कागदावरील कण मात्र सुमारे १० मायक्रॉनचे असतात. त्यांच्या ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो व रंग पांढुरका दिसतो. म्हणजेच चकाकी बाहेरून लावली जात नाही. ओरखडे क्रमाक्रमाने बारीक केल्यावर ती आपोआप प्रकट होते.

प्रक्रिया :
१५०० क्रमांकाचे ओरखडे २००० ने व त्याचे ३००० ने काढावेत. त्यानंतर लोकरी पॅडवर रबिंग कंपाउंड व शेवटी मऊ स्पंजवर बारीक पॉलिश वापरावे. पाणी घर्षण व उष्णता कमी करते आणि सुटलेला रंग वाहून नेते. त्यासाठी नळी सोडण्याची गरज नाही. पाणीटंचाईच्या या भागात फवाऱ्याची बाटली पुरेशी ठरते. मात्र पाणी गाळलेले असावे, कारण वाळूचा एक कणही खोल चरा पाडतो. बोअरचे जड पाणी अंगावरच सुकू दिल्यास क्षारांचे डाग उरतात.

मर्यादा :
वरचा पारदर्शक थर साधारणतः ४० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा केसाहूनही पातळ असतो. उन्हापासून रक्षण करणारी द्रव्ये त्यातच असतात. प्रत्येक घासणीत हा थर झिजतो व पॉलिशने तो भरून येत नाही. कडांवर तो अधिकच पातळ असल्याने तेथे चिकटपट्टी लावावी व यंत्र एका जागी थांबवू नये. काही पॉलिशमधील तेल ओरखडे केवळ झाकते. चार धुण्यांनंतर ते पुन्हा दिसतात. म्हणून तेलाचा अंश पुसून तिरप्या उन्हात पृष्ठभाग तपासणे हीच खरी कसोटी होय.

समारोप :
सारांश, चकाकी ही थर खर्च करून मिळते. थर संपल्यास पुन्हा रंगकामाचा खर्च वाहनधारकावरच पडतो. त्यामुळे आवश्यक तेवढेच घासून थांबणे, यातच कारागिराचे खरे कौशल्य सामावलेले आहे.