कर्करोग : उपचाराबाहेरचा खर्च

कर्करोगाचे निदान झाले की पुष्कळ घरांतून प्रथम बँकेकडे धाव घेतली जाते. मुदत ठेवी मोडणे, दागिने गहाण ठेवणे आम्ही काउंटरवर नित्य पाहतो. वास्तविक त्याआधी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावयास हवे. त्यांची खोली विचारण्यात कमीपणा कसला ?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून गावोगावचे रुग्ण येत आहेत. किरणोपचार बहुधा कित्येक आठवडे चालतात. रोजचे काम थोड्या मिनिटांचे, पण तोवर मुंबईत राहावे कोठे ? याच एका कारणाने उपचार अर्धवट टाकून गावी परतणारे आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा रुग्णांची व नातेवाइकांची अल्प दरात सोय होते. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची विनामूल्य केंद्रे २००६ पासून आहेत. जागा थोड्या, म्हणून रुग्णालयाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी मागावी.

रेल्वेची सवलत तर पुष्कळांना ठाऊकच नसते. उपचारासाठी वा फेरतपासणीसाठी जाताना स्लीपर व एसी थ्री-टायरमध्ये रुग्णास मूळ भाड्यात पूर्ण सूट, तर सोबतच्या एकास ७५ टक्के सूट मिळते. विहित नमुन्यातील दाखल्यावर डॉक्टरांची सही व रुग्णालयाचा शिक्का लागतो. (शिक्क्याविना खिडकीवरून परत आलेले एक गृहस्थ आमचे शेजारीच आहेत.)

आपल्या विद्यार्थ्यांनी वस्तीतील अशा रुग्णांचे फॉर्म भरून द्यावेत. केमोथेरपीत रक्तातील प्लेटलेट्स घटतात व दाते ऐनवेळी शोधावे लागतात; तेव्हा रक्तगटानुसार नावांची वहीही तयार ठेवावी.