लॅटिनची मिस्सा, लोकांची मिस्सा

ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. धर्माने पंडितांच्या भाषेत बोलावे की लोकांच्या, हा वाद रोमन कॅथॉलिक पंथातही झाला. मात्र तिथे निकाल लागायला विसावे शतक उजाडावे लागले. गंमत अशी की, ज्या लॅटिनला पुढे सोवळे प्राप्त झाले ती उपासनेत आली होती लोकभाषा म्हणूनच.

रोममधील आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींची उपासना ग्रीकमध्ये चाले. सामान्य जनांना ग्रीक कळेनासे झाले, तेव्हा चौथ्या शतकाच्या सुमारास लॅटिनने तिची जागा घेतली. पुढे लॅटिनमधूनच इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश या भाषा निघाल्या. लोकांची बोली बदलली. वेदीवरची भाषा मात्र जागच्या जागी राहिली. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मुख्य प्रार्थना हलक्या आवाजात म्हणत. भाविक आपापली जपमाळ ओढीत आणि घंटा वाजली की मान वर करीत.

ल्यूथरने १५२६ मध्ये जर्मन मिस्सा सिद्ध केली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये लॅटिनचीच बाजू घेतली. पण लोकभाषेला तिने पाप ठरवले नाही. सर्वत्र लोकभाषेत मिस्सा करणे इष्ट नव्हे, धर्मगुरूंनी तिचा अर्थ लोकांना समजावून द्यावा, असे तिचे म्हणणे. जिचा अर्थ दुसऱ्याने समजावून द्यावा लागतो ती प्रार्थना आपली कशी म्हणावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

चारशे वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१४७ विरुद्ध ४ मतांनी उपासनेच्या सुधारणेचा ठराव संमत केला. त्यात लॅटिन राखावी असेच म्हटले होते. लोकभाषेला फक्त वाव दिला होता. पण दार किलकिले झाले आणि लोंढा आत आला. ७ मार्च १९६५ रोजी सहावे पॉल यांनी रोममधील एका चर्चमध्ये इटालियन भाषेत मिस्सा केली. लॅटिन सोडणे हा मोठा त्याग आहे, हे त्यांनी १९६९ मध्ये बोलूनही दाखवले. तथापि लोकांना प्रार्थना कळणे अधिक मोलाचे, असा त्यांचा निर्णय होता.

हळहळणारे केवळ कर्मठ नव्हते. १९७१ मध्ये इंग्लंडमधील कलावंतांनी जुनी मिस्सा वाचवावी असा अर्ज केला. त्यावर अगाथा ख्रिस्ती आणि यहुदी मेन्युइन यांच्यासारख्या कॅथॉलिक नसलेल्यांच्याही सह्या होत्या. पोपनी त्या देशापुरती परवानगी दिली.

खरी अडचण भाषांतराची. ख्रिस्ताने आपले रक्त 'प्रो मुल्तिस' सांडले, असे लॅटिन संहिता म्हणते, म्हणजे 'पुष्कळांसाठी'. १९७३ च्या इंग्रजी पुस्तकात त्याचे 'सर्वांसाठी' झाले. ख्रिस्त सर्वांसाठी मेला हा सिद्धान्त खराच, पण मूळ शब्द तो नव्हे. अखेर २०११ मध्ये इंग्रजीत पुन्हा 'पुष्कळांसाठी' आले. लोकांनी अडतीस वर्षे घोकलेला शब्द बदलला. लॅटिनमध्ये कोणाला अर्थ कळत नव्हता, त्यामुळे असे भांडणही नव्हते!

वाद अजून मिटलेला नाही. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुनी लॅटिन मिस्सा मोकळी केली. फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये तिच्यावर पुन्हा बंधने घातली.

आपल्याकडे वसईत मिस्सा मराठीत होते. 'मिस्सा' हा शब्द मात्र लॅटिनच. उपासनेच्या अखेरीस लोकांना निरोप देताना धर्मगुरू म्हणत त्या 'इते, मिस्सा एस्त' या वाक्यातला.